तेल पचवणारी माती

१९७२ साली अमेरिकेत शेजारशेजारच्या दोन राज्यांत एकाच प्रश्नाची दोन उत्तरं तयार होत होती. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने चार निरनिराळ्या जिवाणूंची पचनशक्ती एकाच जिवाणूत आणून ठेवली होती. ७ जूनला त्याच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. हा जिवाणू खनिज तेल फस्त करणार होता. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅम्बलर गावात पाइपलाइनमधून गळलेलं पेट्रोल जमिनीत मुरलं होतं. उपसून निघेल तेवढं काढून झालं. पण मातीला चिकटून आणि भूजलात मिसळून राहिलेल्या पेट्रोलचं काय करायचं, हा पेच सन ऑइल कंपनीतल्या रिचर्ड रेमंड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञापुढे होता. त्याने कुठलाही नवा जिवाणू आणला नाही. विहिरींत हवा फुंकली, नत्र आणि स्फुरद पाण्यात विरघळवून जमिनीत सोडलं, आणि तिथे आधीपासून वस्तीला असलेल्या जिवाणूंना काम करू दिलं.

पहिली गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, वर्तमानपत्रांत गाजली आणि आज जैवतंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. दुसरी गोष्ट या धंद्यातल्या माणसांखेरीज फारशी कुणाला ठाऊक नाही. पण कारखान्यांनी आणि तेलाच्या टाक्यांनी नासवलेली जमीन सूक्ष्मजीवांकरवी साफ करण्याचा जो उद्योग पुढे उभा राहिला, ज्याला बायोरेमेडिएशन म्हणतात, तो रेमंडच्या वाटेने गेला. चक्रवर्तींच्या वाटेने नाही. असं का झालं, यातच या उद्योगाचा बराचसा इतिहास सामावला आहे.

जिवाणू तेल खातात ही काही १९७२ची बातमी नव्हती. १८९५ साली मियोशी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने एक बुरशी पॅराफिनच्या पातळ थरातून आरपार वाढताना पाहिली होती. पुढच्या दहा-वीस वर्षांत नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात मार्टिनस बायरिंक यांच्या प्रयोगशाळेत या विषयाला शिस्त आली. बायरिंक यांची युक्ती अगदी साधी होती. पाण्यात जरुरीपुरते क्षार घालायचे, खाद्य म्हणून फक्त एकच पदार्थ ठेवायचा आणि त्यात चिमूटभर माती टाकायची. मातीतल्या लाखो जिवांपैकी ज्याला तो पदार्थ पचतो तो वाढतो, बाकीचे उपाशी मरतात. त्यांचा विद्यार्थी निकोलास सोन्गेन याने १९०६ साली या पद्धतीने मिथेन वायूवर जगणारे जिवाणू दाखवले आणि १९१३पर्यंत पेट्रोलियम आणि पॅराफिनवर जगणारेही. त्यासाठी त्याला तेलविहिरी शोधत हिंडावं लागलं नाही. असे जिवाणू साध्या मातीतही सापडत होते.

यात नवल वाटायचं कारण नाही. पानांवरचं मेण रासायनिकदृष्ट्या पॅराफिनचं जवळचं भावंड आहे आणि समुद्रतळातून, खडकांच्या फटींतून खनिज तेल लाखो वर्षं आपसूक झिरपत आलं आहे. ते खाणारे जीव माणसाच्या कितीतरी आधीपासून त्या कामाला जुंपलेले होते.

१९४६ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या क्लॉड झोबेल यांनी हायड्रोकार्बन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांबद्दलचं तोवरचं सगळं ज्ञान एका मोठ्या लेखात गोळा केलं. गंमत अशी, की तेल उद्योगाला त्या काळी चिंता उलटीच होती. जिवाणू साठवलेलं तेल बिघडवतात, टाक्या आणि नळ गंजवतात, त्यांना आवरायचं कसं, हा प्रश्न होता. सांडलेलं तेल त्यांच्याकडून खाऊन घ्यावं असं कुणाच्या मनात यायला तेल आधी मोठ्या प्रमाणावर सांडावं लागणार होतं.

दरम्यान शास्त्रज्ञांच्या मनात एक भाबडी श्रद्धा घर करून बसली होती. कुठलाही सेंद्रिय पदार्थ द्या, तो खाणारा एखादा सूक्ष्मजीव जगात कुठेतरी असणारच, अशी ती श्रद्धा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रसायनशास्त्राने तिच्यावर पाणी फिरवलं. डीडीटी वर्षानुवर्षं मातीत तशीच पडून राहू लागली. १९५०च्या दशकाअखेरीस युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर साबणाच्या फेसाचे ढीग चढले. नव्या डिटर्जंटच्या रेणूंना फांद्या फुटलेल्या होत्या आणि जिवाणूंना त्या फांद्या तोडता येत नव्हत्या. पश्चिम जर्मनीने कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५मध्ये सरळ साखळीचे रेणू वापरायला सुरुवात केली, आणि फेस ओसरला. पदार्थ तोच, काम तेच. फक्त रेणूचा आकार जिवाणूला पचेल असा केला. प्रदूषणाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका यशस्वी उपाय क्वचितच सापडेल, आणि तो साफसफाईचा नव्हता, आधीच्या शहाणपणाचा होता. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या मार्टिन अलेक्झांडर यांनी सूक्ष्मजीवांचीही मर्यादा असते, काही रेणू त्यांना दाद देत नाहीत, हे रोखठोक मांडलं.

१८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढलं. त्यात एक लाख टनांहून अधिक कच्चं तेल होतं. ब्रिटिश सरकारने जहाजावर बाँब टाकले आणि किनाऱ्यांवर हजारो टन डिटर्जंट ओतलं. तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच किनाऱ्यावरच्या जिवांची जास्त हानी केली, असं नंतरच्या पाहणीत दिसलं. औषध रोगापेक्षा जहाल ठरू शकतं हा धडा त्या निमित्ताने सगळ्यांना मिळाला, आणि तेल ‘पचवण्याच्या’ कल्पनेकडे लोक गंभीरपणे पाहू लागले.

तेलशुद्धीकरण कारखान्यांतली माणसं मात्र हे पचवण्याचं काम त्याआधीच करत होती, गाजावाजा न करता. टाक्यांच्या तळाशी साचणारा काळा, चिकट गाळ टाकायचा कुठे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. १९५०च्या दशकापासून अमेरिकेतल्या काही रिफायनऱ्यांनी तो गाळ मोकळ्या जमिनीवर पातळ पसरायला, त्यावर खत टाकायला आणि ट्रॅक्टरने नांगरायला सुरुवात केली. काही आठवड्यांनी पुन्हा नांगरणी, पुन्हा खत, मधूनमधून पाणी. या पद्धतीला नावच ‘लँडफार्मिंग’ पडलं. त्यामागचं शास्त्र शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. तेल म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन आणि हायड्रोजन. त्यावर जगणाऱ्या जिवाणूला पेशी बांधायला नत्र आणि स्फुरदही लागतं. ढोबळ हिशेबाने कार्बनच्या शंभर भागांना नत्राचे दहा आणि स्फुरदाचा एक. तेलकट मातीत ही दोन्ही नसतात. नांगरणीचं कारण हवा.

ही पद्धत स्वस्त होती, तशीच बेफिकीरही. हलके, उडून जाणारे अंश हवेत जात, जड धातू मातीत साठत, पाऊस पडला की काही भाग झिरपून खाली जाई. १९८४ साली अमेरिकेने घातक कचऱ्याचा कायदा कडक केला तेव्हा रिफायनऱ्यांच्या गाळाची अशी शेती जवळपास बंदच पडली. तेलकट मातीवर ती आजही चालते, पण खाली प्लॅस्टिकचं अस्तर घालून आणि झिरपा गोळा करून.

रेमंडने अ‍ॅम्बलरमध्ये केलं ते म्हणजे हीच नांगरणी जमिनीच्या पोटात नेली. वरून नांगर चालत नाही तिथे विहिरीतून हवा द्यायची, खत पाण्यातून द्यायचं. १९७४ साली या पद्धतीला पेटंट मिळालं आणि पुढची पंधरा वर्षं पेट्रोल पंपांच्या गळक्या टाक्यांपासून कारखान्यांच्या आवारापर्यंत तिच्याच आवृत्त्या वापरल्या गेल्या. तिची अडचण लवकरच लक्षात आली. एक ग्रॅम तेल पूर्ण जाळायला, म्हणजे जिवाणूंच्या पोटात जाळायला, साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. एक लिटर पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो तो जेमतेम आठ-दहा मिलिग्रॅम. म्हणजे मूठभर तेलासाठी टँकरच्या टँकर पाणी जमिनीतून खेळवायचं. मग कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पाहिलं. ते महागही पडे आणि पुष्कळदा वाटेतच फसफसून संपे.

उत्तर सापडलं ते थोडं योगायोगाने. जानेवारी १९८५मध्ये युटा राज्यातल्या हिल हवाई तळावर सुमारे एक लाख लिटर विमानाचं इंधन जमिनीत सांडलं. १९८८च्या अखेरीस ते बाहेर काढण्यासाठी अभियंत्यांनी जमिनीतली वाफ पंपाने ओढायला सुरुवात केली. इंधनाची वाफ निघत होतीच, पण तिच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही भरपूर येत होता आणि प्राणवायू कमी होत होता. खाली कुणीतरी जेवत होतं. वाफ ओढल्यामुळे बाजूने ताजी हवा आत शिरत होती, आणि हवेत तर एक पंचमांश प्राणवायूच. त्यांनी मग मुद्दाम पंप हळू चालवला, म्हणजे इंधन वर यायच्या आत जिवाणूंना ते खाता येईल. ‘बायोव्हेंटिंग’ या नावाने ही पद्धत अमेरिकी हवाई दलाने पुढे शंभराहून अधिक ठिकाणी वापरली. पाण्याऐवजी हवा, जोरात ऐवजी हळू. या क्षेत्रातला कदाचित सर्वांत उपयोगी शोध एवढाच आहे. त्यावर कुणी कादंबरी लिहिणार नाही.

आता चक्रवर्तींकडे वळू. त्यांचा जन्म १९३८चा, बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या सैंथियाचा. कलकत्ता विद्यापीठात डॉक्टरेट, मग इलिनॉय विद्यापीठ, तिथून १९७१मध्ये जनरल इलेक्ट्रिक. स्यूडोमोनास कुळातल्या जिवाणूंमध्ये कापूर, ऑक्टेन, नॅप्थलीन, झायलीन असे पदार्थ पचवण्याची जनुकं मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यांवर असतात आणि त्या कड्या एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात, हे त्यांना ठाऊक होतं. दोन कड्या एकत्र नांदत नव्हत्या. अतिनील किरणांचा मारा करून त्यांनी त्या जोडून टाकल्या. अशा रीतीने चार प्रकारचे पदार्थ खाणारा एकच जिवाणू तयार झाला. आजच्या अर्थाने यात जनुकांची कापाकापी नव्हतीच.

पेटंट कार्यालयाने अर्जातले काही दावे मान्य केले. जिवाणू तयार करण्याची कृती मान्य, पाण्यावर तरंगणाऱ्या पेंढ्यात तो मिसळून वापरणंही मान्य. पण खुद्द जिवाणू? सजीवाला पेटंट नाही. वाद आठ वर्षं चालला आणि १६ जून १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने कौल दिला. माणसाने घडवलेला सजीव हाही शोधच, असा त्याचा मथितार्थ. चार महिन्यांनी जेनेनटेक या जैवतंत्रज्ञान कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी ३५ डॉलरचा भाव काही वेळ ८८ डॉलरवर गेला. जैवतंत्रज्ञानाचा सगळा उद्योग या निकालाच्या पायावर उभा राहिला.

तेवढं सगळं झालं, आणि ज्याच्यासाठी हे झालं तो जिवाणू मात्र कुठल्याही सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही. एक कारण सरकारी भीतीचं: बनवलेला सजीव मोकळ्यावर सोडायची परवानगी कोण देणार? दुसरं कारण जास्त खोल आहे. कच्च्या तेलात हजारो निरनिराळे रेणू असतात. चार पचवणारा पहिलवान तिथे पुरा पडत नाही. शिवाय प्रयोगशाळेत लाडाकोडात वाढलेला जिवाणू मातीत उतरला की तिथल्या जुन्या वस्तीशी त्याची गाठ पडते, त्याला खाणारे आदिजीव असतात, आणि बहुधा तोच संपतो. जनुकं बदललेला जिवाणू प्रदूषण साफ करण्यासाठी अमेरिकेत मातीत उतरला तो १९९६ साली, टेनेसी राज्यातल्या ओक रिजमध्ये, आणि तोही मातीने भरलेल्या बंदिस्त टाक्यांत. नॅप्थलीन खाताना तो मंद चमके. खरं तर त्याचं काम खबऱ्याचं होतं: मातीत कुठे किती पचन चाललं आहे हे त्याच्या प्रकाशावरून समजावं.

दोन वाटांची खरी परीक्षा अलास्कात झाली. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हॅल्डीझ जहाज ब्लाय खडकावर आपटलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या किनाऱ्यांवर पसरलं. कंपनीने आधी गरम पाण्याचे दाबाचे फवारे मारले. दगड स्वच्छ दिसू लागले, पण त्यांवरचे जीवजंतूही शिजून निघाले. अशा किनाऱ्यांवर जीवन सावरायला जास्त वेळ लागला. मग अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आणि कंपनीने मिळून खताचा प्रयोग केला. इनिपोल हे युरियाचं तेलकट मिश्रण फ्रान्समधल्या एल्फ कंपनीचं होतं, ते तेलाला चिकटून राही. दुसरं खत हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं. जून १९८९मध्ये स्नग हार्बर इथे एका चौकोनी पट्ट्यावर इनिपोल फवारलं. दोन-तीन आठवड्यांत हेलिकॉप्टरमधून पाहिलं तर काळ्या किनाऱ्यावर तेवढा चौकोन पांढरा दिसत होता. त्या उन्हाळ्यात शंभर किलोमीटरहून अधिक किनाऱ्याला खत घातलं गेलं.

बाटलीबंद जिवाणू विकणाऱ्यांची रांग तेव्हाही लागली होती. १९९०मध्ये त्यांपैकी दोन उत्पादनांची प्रत्यक्ष किनाऱ्यावर चाचणी घेतली. नुसतं खत घातलेल्या पट्ट्यांपेक्षा त्यांनी काहीही अधिक साधलं नाही. अलास्काच्या दगडांवर तेल खाणारे जिवाणू आधीच होते, आणि तेल आल्यावर त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली होती. पण अलास्काची गोष्ट इथे गोड संपत नाही. दगडगोट्यांच्या खाली, जिथे प्राणवायू आणि पोषण पोचत नाही, तिथे त्या जहाजाचं तेल दोन दशकांनंतरही ओलं सापडत होतं.

जनरल इलेक्ट्रिकचं दुसरं प्रकरण तर याहून बोलकं आहे. हीच कंपनी १९४७ ते १९७७ या काळात हडसन नदीकाठच्या आपल्या दोन कारखान्यांतून पीसीबी ही क्लोरीनयुक्त तेलं नदीत सोडत होती. एकूण अंदाज सुमारे सहा लाख किलोपर्यंत जातो. १९८७ साली तिच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं, की नदीच्या तळच्या गाळात, प्राणवायू नसलेल्या अंधारात, काही जिवाणू पीसीबीच्या रेणूवरचे क्लोरीन एकेक करून उतरवत आहेत. हे अस्सल संशोधन होतं आणि कंपनीच्या सोयीचंही: नदी स्वतःच साफ होते आहे, मग गाळ उपसायचा कशाला? १९९१मध्ये नदीच्या तळात पोलादी नळकांडी ठोकून त्यांत प्रयोग केला. प्राणवायू, पोषणद्रव्यं आणि बायफिनाइल (पीसीबीचाच क्लोरीन नसलेला सांगाडा) घातल्यावर पीसीबीचं प्रमाण ३७ ते ५५ टक्क्यांनी घटलं. बाहेरून पीसीबी खाणारा शुद्ध जिवाणू पुन्हा पुन्हा सोडूनही त्यात भर पडली नाही. पण प्रयोगातली घट आणि सगळ्या नदीची सफाई यांत फार अंतर असतं. अखेर २००९ ते २०१५ या काळात कंपनीलाच नदीचा तळ यंत्रांनी उपसावा लागला आणि वीस लाख घनमीटरहून अधिक गाळ बाहेर काढावा लागला. जिवाणूंचं काम खरं होतं. त्याचा आधार घेऊन थांबून राहणं चूक होतं.

मग बाहेरून जिवाणू आणणं कधीच कामाचं नसतं का? असतं, आणि तिथे रेमंडची वाट पुरी पडत नाही. ड्रायक्लीनिंग आणि यंत्रांचे भाग धुण्यासाठी वापरली जाणारी क्लोरीनयुक्त द्रावणं पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलात खोल बुडतात. प्राणवायू नसताना तिथले जिवाणू त्यांचे दोन-तीन क्लोरीन काढतात आणि पुष्कळदा व्हिनाइल क्लोराइडवर येऊन अडतात. व्हिनाइल क्लोराइडने माणसाला कर्करोग होतो. म्हणजे अर्धवट सफाई मूळ घाणीपेक्षा वाईट. १९९७ साली कॉर्नेलच्या संशोधकांनी इथाका शहराच्या सांडपाणी केंद्रातून डिहॅलोकॉकॉइडिस हा जिवाणू वेगळा केला, जो शेवटचा क्लोरीनही काढून निरुपद्रवी एथिलीनपर्यंत पोचतो. हा जीव विचित्र आहे. क्लोरीनयुक्त रेणू हीच त्याची श्वासाची सोय, दुसरं काही त्याला चालत नाही, आणि तो सगळीकडे आढळत नाही. टेक्सासमधल्या केली हवाई तळावर तो मुळीच नव्हता आणि सफाई अर्ध्यावर अडली होती. कॅनडात वाढवलेलं जिवाणूंचं मिश्रण जमिनीत सोडल्यावर काही महिन्यांत ती तडीस गेली. तेव्हापासून अशा मिश्रणांचा चांगला धंदा चालतो. फरक एवढाच, की आधी मोजून पाहायचं: इथे हा जीव आहे की नाही?

भारताचा या इतिहासातला वाटा तेलापेक्षा कीटकनाशकांत जुना आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेतुनाथन हे भारतीय संशोधक डायझिनॉन या कीटकनाशकाच्या मागावर होते. ज्या भातखाचरात ते पुन्हा पुन्हा फवारलं होतं तिथे ते झपाट्याने नाहीसं होत असे. १९७३ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी योशिदा यांनी त्या खाचराच्या पाण्यातून फ्लॅव्होबॅक्टेरियम हा जिवाणू वेगळा केला, जो डायझिनॉनबरोबर पॅराथिऑनही फोडत होता. पुढे कटकच्या भात संशोधन केंद्रात उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतून त्यांच्या गटाला लिंडेन या कीटकनाशकाच्या कुळातली रसायनं पचवणारा जिवाणू मिळाला. लिंडेनची भानगड अशी, की एक टन कामाचं कीटकनाशक बनवताना आठ ते बारा टन निकामी भावंडं उरतात, आणि ती बहुतेक ठिकाणी कारखान्याच्या आसपासच पुरली जात. लखनौजवळच्या अशा एका उकिरड्यावर आणि त्याच्या भोवतीच्या मातीवर दिल्ली विद्यापीठाच्या रूप लाल यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं. कटकच्या त्या जिवाणूचा आजचा अवतार, स्फिंगोबियम इंडिकम, मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्याच्या चुऱ्यात रुजवून त्यांनी दूषित मातीत मिसळून पाहिला.

त्याच चुऱ्यावर दिल्लीच्या टेरी संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ही रुजलं. बनवारी लाल यांच्या गटाने सात वर्षं खपून, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने, पाच जिवाणूंचं हे मिश्रण तयार केलं. हे जिवाणू परदेशी नाहीत, भारतातल्या तेलकट मातीतूनच निवडलेले आहेत. रिफायनऱ्यांच्या गाळावर ते वापरलं गेलं. २००७मध्ये ओएनजीसी आणि टेरीने मिळून त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे आठशे टन तेल सांडलं, उरण-घारापुरीकडच्या खारफुटीची मुळं काळी पडली. त्या सफाईतही हे जिवाणू वापरले गेले. खारफुटीत यंत्र नेता येत नाही, फवारा मारता येत नाही आणि माती खणून नेणं म्हणजे जंगलच उपटणं; अशा जागी जिवाणूंना पर्याय फारसा नसतो.

नागपूरच्या नीरी संस्थेने निवडलेला प्रश्न वेगळा आणि कदाचित जास्त अवघड. खाणीच्या टाकाऊ मातीचे डोंगर. धातू कुठलाही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. मँगनीज मँगनीजच राहतं, क्रोमियम क्रोमियमच. फार तर तो त्याचं रूप बदलतो, बांधून ठेवतो. कोलोरॅडोतल्या राइफल इथे २००२मध्ये शास्त्रज्ञांनी भूजलात अ‍ॅसिटेट सोडून जिवाणूंकरवी विरघळलेलं युरेनियम न विरघळणारं केलं, पण प्राणवायू परत आला की ते पुन्हा विरघळू शकतं. नीरीने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, टाकला, मुळांना साथ देणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू रोपांबरोबर लावले आणि त्या नापीक उतारावर झाडं उभी केली. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पद्धत पुढे चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर नेली. तिथला धातू संपला नाही. धूळ आणि झिरपा मात्र झाडांनी धरून ठेवले. विदर्भातल्या खाणींना उसाच्या कारखान्याचा उकिरडा कामी यावा, ही महाराष्ट्राची खास सोय म्हणायची.

सूक्ष्मजीव हा स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत कमी उपद्रवी मजूर आहे, पण त्याला वेळ लागतो. मार्टिन अलेक्झांडर यांनीच नंतर दाखवलं, की प्रदूषक मातीत जितकी जास्त वर्षं राहतो तितका तो कणांच्या सूक्ष्म भेगांत जाऊन बसतो आणि जिवाणूच्या हाताबाहेर जातो. म्हणजे उशीर केला तर जिवाणूही पुरेसे उपयोगी पडत नाहीत. आपल्याकडे उशीर हा नेम आहे. दूषित जागांच्या सफाईसाठी देशात स्वतंत्र नियम आले तेच जुलै २०२५मध्ये, आणि तेव्हा देशभर ओळखलेल्या १०३ दूषित जागांपैकी सफाईचं काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. खाणकाम, समुद्रातलं तेल आणि घनकचऱ्याचे उकिरडे तर या नियमांच्या बाहेरच आहेत.

तेव्हा आपल्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत ‘जिवाणूंकरवी माती शुद्ध केली’ असा दावा कुणी केला, तर जिवाणूचं नाव विचारत बसू नये. मातीत आधी काय आणि किती होतं, हवा आणि खत कसं पोचवलं, आणि वर्षभराने पुन्हा मोजल्यावर किती उरलं, एवढं लेखी मागावं.